उणिवांच्या पानावरची खीर

माय गेली त्याला तीन महिने झाले. तिला एकदा खोटं सांगितलं होतं, ते लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

मी नागपुरात व्यवस्थापन शिकत होतो. उन्हाळ्यात प्रकल्प करावा लागे. मला एक परदेशी खाद्यकंपनी मिळाली. तिच्या व्यवसायाचं अंतर्गत आणि बाह्य पर्यावरण तपासायचं होतं. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, पण कंपनीच्या नकाशात तो अजून जुनाच, अखंड होता. ही उणीव मी पहिल्याच दिवशी टिपली आणि स्वतःवर खूश झालो.

सानगडीला घरी आलो तेव्हा मायनं विचारलं, "आतलं मंजे काय अन् बाहेरचं मंजे काय रे?"

मी सांगितलं, कारखाना, माणसं, माल हे कंपनीच्या हातातलं, म्हणून आतलं. पाऊस, रस्ते, सरकार, गिऱ्हाईक हे बाहेरचं.

"मंग आपन बाहेरचे," ती म्हणाली आणि तांदूळ पाखडू लागली.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी कंपनीचे विक्री अधिकारी नागपूरहून आले. लाखांदूरची दुकानं पाहून परतताना मी त्यांना घरी आणलं. त्या दिवशी आमच्याकडे खीर असते, तांदळाची. पण पाहुणा कंपनीचा, म्हणून मायनं दुकानातून कंपनीच्याच शेवयांची पाकिटं आणली होती. तिच्या लेखी त्या शेवयाच. तेलकट लागतात म्हणून तिनं त्या दोन पाण्यांनी धुतल्या, तुपात परतल्या आणि दूध-साखरेत शिजवल्या. मसाल्याच्या पुड्या भाजीसाठी डब्यात ठेवल्या.

साहेबांनी दोन चमचे खाल्ले आणि हसत सुटले. "माताजी, ये तो नूडल्स है! इसकी खीर?"

"तुमचाच माल हाय, साहेब. गोड मानून घ्या," माय म्हणाली. तीही हसली. मीही हसलो.

जीपपाशी साहेब मला म्हणाले, "ये लिख लेना. अच्छा पॉइंट है."

मी अहवालात लिहिलं. 'उणिवा' या मथळ्याखाली: ग्रामीण गृहिणींना उत्पादन वापरण्याचं ज्ञान नाही, गोड पदार्थात चुकीचा वापर होतो. उदाहरण म्हणून सानगडीची एक गृहिणी. परीक्षकांना ते उदाहरण फार आवडलं.

अहवाल बांधून घरी आणला तेव्हा माय त्याच्या निळ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मी थोडं वाचून दाखवलं. 'उणिवां'चं पान न वाचताच उलटून पुढे गेलो.

"मी हावो का त्यात?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"एवढी खीर खाऊ घातली, तरी नाई?"

पुढे ती ही गोष्ट गंमत म्हणून सगळ्यांना सांगायची. लेकानं एवढं मोठं पुस्तक लिहिलं, अन् मायले एक ओळ नाई. लोक हसायचे. मी दर वेळी ठरवायचो, या खेपेला खरं सांगू. नोकरी लागली, गावाकडच्या खेपा कमी झाल्या. सांगायला शब्दही सापडेना. कधी वाटे, ते अहवालातल्या 'संधी' या मथळ्याखाली लिहायला हवं होतं. बाईनं त्यांच्या मालाला सणाच्या ताटात जागा दिली होती. पण हा विचारही कंपनीच्याच बाजूचा झाला.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पंगत बसली होती. शेजारची मावशी खीर वाढत माझ्यापाशी आली.

"तुह्या मायले शेवटपर्यंत एकच बोचलं बापा. दवाखान्यातही मने, त्या पुस्तकात मी नाई."

"होती, मावशी. माय होती त्यात."

तिचा हात थांबला. "मंग काहून नाई सांगतलं तिले?"

मी पत्रावळ पुढे सरकवली. मावशीनं तिच्यावर खीर वाढली, तांदळाची, आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.