निलम्मानं तूर ओलांडली नाही

निलम्माचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा कलबुर्गीच्या डॉक्टरनं आत लोखंडी सळी घातली. घरी आल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "आता मी अर्धी बाई अन् अर्धा पूल हाय. भार टाकायचा तर जपून टाका."

हाड मोडलं ते कुठं डोंगर चढताना नव्हे. मैत्रिणीकडं निघाली होती, एवढंच. गल्लीच्या या टोकाला निलम्माचं घर, त्या टोकाला बुद्धविहाराला लागून सावित्रीबाईचं. मधे तीनशे दहा पावलं. दोघींनी अठरा वर्षं शाळेत पोरांच्या दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक केला होता. भात निलम्माचा, सांबार सावित्रीबाईचं. भातात खडा निघाला की सावित्रीबाई म्हणायची, "पोरांचे दात पक्के व्हावेत म्हणून मुद्दाम टाकलाय." सांबार जहाल झालं की निलम्मा म्हणायची, "काय न्हाई, हिच्या स्वभावाचा एक चमचा पडलाय." काम सुटलं, पण रोज सकाळी एकमेकीला टोमणे मारल्याशिवाय दोघींना चहा गोड लागत नव्हता.

गल्ली मात्र दोघींच्या वयाला शोभेल अशी नव्हती. एका अंगाला उघडं गटार, दुसऱ्या अंगाला मोटरसायकली, आणि दोन्हीकडून घराघरांचे कट्टे रस्त्यात पाय पसरून बसलेले. त्यात अमृतप्पाचा कट्टा सगळ्यांत पुढं. अमृतप्पाचं किराणा दुकान. वजनात चोख माणूस, पण कट्टा दरसाली एक वीट पुढं सरकायचा. त्याला वळसा घालताना समोरून मोटरसायकल आली, निलम्मा बाजूला झाली, आणि बाजूला गटार होतं.

त्याला अकरा महिने झाले. देवघरापासून न्हाणीपर्यंत ती काठी टेकत चालायची, पण उंबऱ्याबाहेर स्वतःच्या कट्ट्यापलीकडं तिचं पाऊल पडलं नव्हतं. सावित्रीबाईची नजर अधू, तिलाही त्या गटाराचा भरवसा नव्हता. ती दोनदा ऑटोत बसून आली. ऑटो बसस्टँडला वळसा घालून यायचा. तिसऱ्यांदा तिनं फोनवर सांगून टाकलं, "ऑटोत बसून तुझ्याकडं यायचं म्हंजे दवाखान्यात मोसंबी घेऊन आल्यावाणी वाटतंय. तू बरी होऊन चालत ये. तोवर फोनवरच भांडू."

निलम्माला तेव्हापासून एकच ध्यास लागला. हाड जुळलं होतं, डॉक्टर चाला म्हणत होता. पण चालायचं कुठं?

मग एक दिवस सून शैलश्री बातमी घेऊन आली. नगरपालिकेला निधी आलाय, पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी दोन गल्ल्या सुधारायच्या आहेत, लोकांनी अर्ज करावा.

"लिही," निलम्मा म्हणाली.

"काय लिहू, आत्या?"

"लिही की, आमच्या गल्लीत गटाराला चालायला मोकळी जागा हाय, माणसाला तेवढी न्हाई. गटाराकडं बघून तरी या."

शैलश्रीनं ते जरा सभ्य करून लिहिलं, आणि खाली निलम्मानं स्वतः सही केली. तिसरीपर्यंतच्या शाळेची ती सही. तीन अक्षरांना अर्धी ओळ लागली.

अर्ज मंजूर झाला! नगरपालिकेचा इंजिनिअर आला. प्रशांतकुमार त्याचं नाव, म्हैसूरकडचा पोरगेला माणूस, पुस्तकातल्यासारखं कन्नड बोलायचा. आमच्या गल्लीत एक वाक्य कन्नडात सुरू होतं, मराठीत वळतं आणि दखनीत संपतं. पहिले दोन दिवस त्याला कोण हो म्हणतंय आणि कोण शिव्या देतंय हेच उमजेना. पण नकाशा चांगला होता. गटार झाकायचं, त्यावर फरशीची पायवाट करायची, तिला लागून सायकलींसाठी लाल पट्टा. सगळी गल्ली खूश. मग त्यानं पिवळ्या रंगाचा डबा उघडून रेघ मारली, आणि ती रेघ एकूण एक कट्ट्याच्या छातीवरनं गेली.

तेव्हा गल्लीला रस्ता पाहिजे होता, पण शेजाऱ्याच्या कट्ट्यावरनं.

अमृतप्पा म्हणाला, "हा माझ्या आज्ज्याचा कट्टा हाय. आधी बाकीचे फोडा, मग बघू." बाकीचे म्हणाले, आधी अमृतप्पाचा. प्रशांतकुमार रंगाचा डबा घेऊन मधे उभा, बिचाऱ्याच्या बुटावर रंग सांडला.

निलम्माच्या कट्ट्यावरही रेघ होती. वर्षभर तो कट्टा म्हणजेच तिचं गाव होतं. भाजीवाली तिथं टेकायची, गल्लीतल्या बातम्या तिथं निवडल्या जायच्या, मग मेथी. दोन दिवस ती त्यावर हात फिरवत बसली. तिसऱ्या दिवशी इंजिनिअरला हाक मारून म्हणाली, "साहेब, माझा फोड पैला. बसून बसून माझीच कट्ट्याची पायरी व्हायची पाळी आली."

कुदळ पडली तसं तिनं तोंड फिरवलं. मग काठी टेकत कडेला उभी राहिली आणि समोर बघून बोलली, "अमृतप्पा, माझा पाय मोडला तरी मी कट्टा सोडला. तुझे दोन्ही पाय धड हायत, तू कामून धरून बसलास?"

निलम्मा कुणाच्या कट्ट्याला वळसा घालताना पडली हे गल्लीत शेंबड्या पोराला ठाऊक होतं. अमृतप्पा खाली बघत म्हणाला, "फोडा, अक्का म्हणतीया तर." मग बाकीच्यांनीही आपापले कट्टे दिले.

मार्गशीर्षातल्या येळ अमावस्येपर्यंत काम होतंय म्हणाले होते, ते संक्रांत उलटून गेल्यावर एका शुक्रवारी झालं. काय देखणं झालं म्हणून सांगू! आरशासारखी फरशी, शेजारून कुंकवासारखा लाल पट्टा. निलम्मानं फोन लावला. "सावित्री, सोमवार चांगला वार हाय. सोमवारी सकाळी मी चालत यायलेय. चहा टाकून ठेव."

"ये की. साखर लपवून ठेवते," सावित्रीबाई म्हणाली.

आता मधे राहिला शनिवार आणि रविवार. इथंच घोटाळा झाला, आणि तो दुसऱ्या कुणी नाही, निलम्मानंच केला.

शनिवारी सकाळी दारात उभं राहून ती फरशीकडं बघत होती. घरात नव्या मिरच्या पडून होत्या. इतकी स्वच्छ, इतकी सपाट जागा, वर ऊन आणि खाली ऊन! बाईमाणसाच्या हाताला अशी जागा रिकामी बघवत नाही. "सोमवारपर्यंत कोण चालायलंय इथं?" असं म्हणून तिनं जुनं लुगडं पसरलं आणि मिरच्या घातल्या.

समोरच्या उमादेवीनं ते बघितलं. तिनं पापड घातले. दुपारपर्यंत कुणाच्या शेवया, कुणाची ज्वारी. अमृतप्पा तर व्यापारी माणूस. त्यानं शेतातनं तूर आणून शेंगांसकट लाल पट्ट्यावर हंतरली. सायकली वरून गेल्या की मळणी फुकटात! शाळेच्या पोरींनी मात्र तुरीवर दोनदा आपटून घेतलं आणि सायकली पुन्हा मोठ्या रस्त्यावर ट्रकांमधे नेल्या. रविवारी गल्लीला रस्ता नव्हता, खळं होतं.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला.

"निलम्मा, तू अर्ज चालायला दिलतास का वाळवणाला?"

"कामून गं?"

"मी आज कौतुकानं निघाले बघायला. निम्म्या वाटेतनं परत आले. पाय ठेवायला जागा न्हाई. इचारलं, पैलं कुणी घातलं? समद्यांनी एकच नाव सांगितलं."

निलम्मानं दाराबाहेरच्या मिरच्यांकडं बघितलं.

"ऐक. उद्या येणार म्हणालीस तर चालतच ये. ऑटोत आलीस तर उंबरा चढू देणार न्हाई." फोन बंद झाला. सावित्रीबाई चिडली की ओरडायची; आज ओरडली नव्हती.

सोमवारी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती बाहेर पडली. पहिल्यांदा स्वतःच्या मिरच्या गोळा केल्या. वाकता येईना तेव्हा काठीनं लुगड्याचं टोक ओढलं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, म्हणाली, मला शिक्षा पायजेच होती. शैलश्री हात धरायला आली, तिला मागं ठेवलं. "तू चहाला नंतर ये. ही वाट माझी हाय."

पंधरा पावलांवर उमादेवीचे पापड. निलम्मा काठी टेकून उभी राहिली.

"अव्वा, कडेनं या की," उमादेवी आतून बोलली.

"कडेला तुझ्या शेवया हायत."

"मग जरा ओलांडा."

निलम्मानं आवाज चढवला. "काय म्हणालीस? अन्न ओलांडू? सकाळच्या पारी, सोमवारी, विभूती लावून? उमा, माझं पाप कोण घेणार, तू का तुझा नवरा?"

आता अन्नावरनं पाय नेऊ नये हे आमच्याकडं लेकराला बोलण्याआधी शिकवतात. दाणा पायाला लागला तर वाकून हात लावून डोळ्याला लावतात. सत्तरीची बाई अन्नापुढं थांबलीय म्हटल्यावर उमादेवी बाहेर आली. एक एक पापड उचलू लागली. निलम्मा तिथंच उभी. "सावकाश कर, मोडू नको. मला घाई न्हाई, वरीस उलटून थांबले मी."

पुढं ज्वारी. तिथं थांबली. पुढं परत शेवया. तिथं थांबली. बाया पदर खोचून सुपं घेऊन पळत आल्या. जी आपलं उचलायची ती पुढच्या घरी कशी फजिती होते ते बघायला निलम्माच्या मागून चालायची. पाठीमागं ही वरात, तेवढ्यात फोटो काढायला प्रशांतकुमार आला. चालणाऱ्यांचा एक फोटो वर पाठवायचा होता, दोन दिवस त्याला चालणारं माणूसच सापडलं नव्हतं.

अमृतप्पाच्या दुकानापुढं पायवाटेवर तुरीची पोती होती आणि पट्ट्यावर तूर. जुन्या कट्ट्याची तीच जागा. निलम्मा पडली होती ती इथंच. काठी दोन्ही हातांनी धरून ती थांबली.

"अक्का, तुरीवरनं चाला की, काय होत न्हाई," अमृतप्पा म्हणाला. "अजून मळली न्हाई. ह्याला अन्न कुठं म्हणत्यात?"

"तुझ्या घरी वरण कशाचं करत्यात रे?"

मागच्या बाया हसल्या. अमृतप्पा डोकं खाजवू लागला.

"पोती काढून घेतो, पायवाटेवरनं जावा."

"अन् पोरींच्या सायकली? मी गटारात पडले, आता त्यांनी तुझ्या तुरीवर पडायचं? कट्टा घेतला तुझा, तूर घेऊन बसलास. उचल. मी उभी हाय." आणि ती खरोखर उभी राहिली. पाय दुखत होता, कपाळावर घाम आला होता, पण हलली नाही. अमृतप्पानं एकदा तिच्या पायाकडं बघितलं. मग धोतराचा सोगा वर खोचून स्वतः तूर ओढायला लागला. प्रशांतकुमारनं फोटोचा फोन खिशात घातला आणि दुसरं टोक धरलं. सरकारी बूट पुन्हा खराब झाले.

तीनशे दहा पावलांना सकाळचे पावणेतीन तास लागले. शेवटी सावित्रीबाईचं दार दिसलं आणि निलम्मा थांबली. दारापुढं पायवाटभर सांडगे घातले होते! पलीकडं सावित्रीबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"हे गं काय सावित्री?"

"सांडगे. समद्या गल्लीनं घातलं, मी एकलीनं कामून रिकामं ठेवू?" सावित्रीबाई म्हणाली. "अन् म्हणलं बघू, मैत्रिणीसाठी तरी ओलांडती का ही."

"ओलांडणार न्हाई."

"ठाऊक हाय. म्हणूनच घातले. अन्नावरनं पाय नेला असतास तर चहा दिला नसता."

सांडगे ओलेच होते. सावित्रीबाई खाली बसून एकेक सोडवायला लागली. अधू डोळ्यांना सांडगा कुठं आणि फरशी कुठं कळेना. निलम्माला बसता येत नव्हतं, म्हणून ती वरून काठीनं दाखवत राहिली. "हा राहिला. ह्यो बी. आंधळे, पायाखाली बघ. अठरा वर्षं हिनं सांबार केलं, अन् सांडगा धड घालता येईना."

"गप उभी राहा, पूल कुठली," सावित्रीबाई म्हणाली, आणि शेवटचा सांडगा उचलून वाट मोकळी केली.

चहाला साखर दोन चमचे जास्त पडली. त्यानंतर निलम्मा रोज आठाला निघते. गल्लीनं आठ-दहा दिवस रोज उचललं आणि रोज घातलं. मग कंटाळून सगळ्यांनी वाळवण गच्चीवर नेलं. आता लाल पट्ट्यावरनं पोरी घंटा वाजवत जातात. निलम्मा त्यांना ओरडते, सावकाश जा म्हणून. त्या ऐकत नाहीत.