भिंतीच्या बाहेरच्या कडेला

अँजिओग्राफीत नवऱ्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या साफ निघाल्या. हैदराबादेतल्याच गौलीगुड्याहून आलेल्या माझ्या नणंदेने तिथेच हात जोडले. पण त्याच्या छातीतली कळ थांबत नव्हती, रक्ताच्या तपासणीत हृदयाच्या स्नायूला इजा दिसत होती, आणि दुरुस्त करायला काहीच नव्हतं. मी मात्र देवाकडे चक्क ब्लॉकेज मागत होते. ब्लॉकेज असता तर स्टेंट टाकून मोकळे झालो असतो.

डॉक्टरांनी दोन शक्यता सांगितल्या. गुठळी येऊन विरघळली असेल, म्हणजे अटॅक. किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या तापाने हृदयाला सूज आली असेल. उपचार वेगवेगळे. एमआरआयशिवाय ठरणार नाही.

मशीनच्या बोगद्यात सरकवताच नवऱ्याने घंटा दाबली. घाबरला की हा माणूस घरचं मराठी विसरतो. "नक्को, मेरेकू बाहर निकालो!"

मी पाय धरून बसते म्हटल्यावर तो कसाबसा तयार झाला. टेक्निशियनने अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. मी मंगळसूत्र काढून नणंदेच्या हातात ठेवलं.

"अगं, आज तरी नको काढूस!"

"ताई, हे घालून आत सोडत नाहीत."

"मग मी बसते आत."

"तुमच्या गुडघ्यांत काय काय बसवलंय, आठवतंय ना?"

आतल्या धडधडाटात त्याला हेडफोनमधली श्वास रोखायची सूचना धड ऐकू येईना. श्वास रोखला नाही तर चित्र हलतं. मग काचेपलीकडून टेक्निशियन हात वर करी, मी नवऱ्याच्या पायाचा अंगठा दाबी. अंगठा दाबला की त्याने श्वास रोखायचा, हात खाली आला की सोडायचा. त्याचे पाय थरथरत होते. "अहो, हलू नका!" मी ओरडत होते, माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. अटॅकची इजा हृदयाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने सुरू होते. इथले पांढरे डाग बाहेरच्या कडेला, विखुरलेले होते. सूज होती.

"म्हणजे अटॅक नाही!" नणंद रडायलाच लागली.

"नाही. पण ठोके केव्हाही बिघडू शकतात. आयसीयूतच राहू द्या."

"मग आता करायचं काय?" मी विचारलं.

"औषधं चालू आहेत. बाकी वाट पाहायची. बहुतेकांची सूज उतरते."

बहुतेकांची. मी त्यांना ते डाग पुन्हा दाखवायला लावले, आणि एकेकावर बोट ठेवून विचारत राहिले, हा उतरेल का, हा उतरेल का, ते खुर्चीवरून उठेपर्यंत.