लाल रेषेखालचं पाणी

त्या मे महिन्यातले तीन खोटे आकडे माझ्या अक्षरात आहेत. कुणी गळ्यावर सुरी ठेवून लिहून घेतले नव्हते.

नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका धरणाच्या पायथ्याशी छोटं वीजघर आहे. तिथं मी अकरा वर्षं ऑपरेटर होतो. सकाळी आठला पाण्यातल्या मोजपट्टीवरची पातळी बघायची, वहीत लिहायची आणि वर फोनवर सांगायची. पट्टीवर एक लाल रेषा होती. पाणी तिच्याखाली गेलं की वीज बनवणारं मशीन बंद. खालचं सगळं पाणी पिण्यासाठी राखीव.

त्या वर्षी मेच्या मध्यालाच पाणी रेषेच्या खाली सरकलं. मी वरच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन केला.

"अजून आठ दिवस मशीन चालवायचंय," साहेब म्हणाले. "संध्याकाळी मागणी किती वाढते, माहितीये ना? रेषेच्या अर्धा मीटर वर आहे असं लिहा."

"सर, पण पाणी..."

"पाऊस आला की झाकलं जाईल सगळं."

मी लिहिलं. डबा खाल्ला, संध्याकाळी मशीन सुरू केलं. तीन दिवस. साहेबांपेक्षा मला त्या डबा खाणाऱ्या माणसाचा जास्त संताप येतो.

चौथ्या दिवशी पट्टीपाशी गेलो, तर काठावरच्या पाड्यातली एक बाई वाट बघत उभी होती. साठीची असेल. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले. तिच्या वडिलांची जमीन याच धरणात गेलेली. पाणी आत सरकल्यानं पाड्याची मोटर उघडी पडली होती आणि बाया हंडे घेऊन गाळातून चालत होत्या. आदल्या दिवशी तिची सून कमरेपर्यंत रुतली, तिला दोर टाकून ओढून काढावं लागलं.

"रोज सांच्याला मी पाण्याच्या कडंला काठी रोवते," ती म्हणाली. "सकाळी पाणी लय लांब गेल्यालं असतं. तुमच्या वहीत काय लिवलंय?"

"मावशी, वरून आदेश असतो."

"वरून? धरण तर इथं हाय. मला वाचता येत नाय, तुम्ही वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. तिनं पट्टीकडे पाहिलं. लाल रेषा कोरडी, उन्हात लखलखत होती.

"मंग ती रेघ उघडी कशी?"

मी मोबाईल काढला, पट्टीचा फोटो घेतला आणि खऱ्या आकड्यासकट सगळ्या अधिकाऱ्यांना पाठवला. त्या संध्याकाळी मशीनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब जीपमधून आले. "शहाणपणा सुचला का?" एवढंच बोलले. आठवड्यात माझी बदली सातपूरच्या गोदामात झाली. मशीन मात्र पाऊस येईपर्यंत बंद राहिलं. इतके डोळे त्या फोटोवर पडल्यावर पुन्हा चालवायची कुणाची छाती झाली नाही.

पाड्यासाठी लांब पाइप टाकायला खात्यानं आणखी बारा दिवस लावले. तेवढे दिवस बाया गाळातूनच गेल्या. पाइपला पाणी आलं तेव्हा साहेबांच्या हस्ते नारळ फुटला, पेपरात फोटो छापून आला. तो मी कॅन्टीनमध्ये पाहिला आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला भडाभडा सगळं सांगितलं.

तो पोळीचा घास मोडत म्हणाला, "पण शेवटी पाणी आलं ना?"

मी उठलो. त्याच्याशी बोलायला पुढे कित्येक महिने माझी जीभच रेटली नाही.