मेहुण्याच्या गवताची आंघोळ

प्रयोगशाळेत त्याला सगळे दळण्या म्हणत. काम तेच होतं. भट्टीत जाळण्यासाठी लावलेलं गवत शेतातून आलं की वाळवायचं, चक्कीत मैद्यासारखं दळायचं, दाबयंत्रात त्या पिठाची टिकली पाडायची आणि मोठ्या यंत्रात ठेवायची. यंत्र टिकलीवर किरण सोडी आणि त्यात पालाश म्हणजे पोटॅशियम किती, क्लोरीन किती, ते पडद्यावर सांगे. ही दोन्ही जास्त निघाली की गवत जळणातून बाद. भट्टीत त्याची राख वितळून दगडासारखी चिकटते. बावीस वर्षांत आपल्या एकाही टिकलीला तडा गेला नाही, हे दळण्या कुणी न विचारताही सांगे.

यंदा आठ जणांनी आठ जातींचं गवत लावलं होतं. त्यातला एक दळण्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बाकीचे विळ्यानं नीट कापून आणत. हा बहाद्दर मुळासकट उपटून, चिखलासकट पोत्यात कोंबून आणी.

"दाजी, जरा सांभाळून घ्या," एवढं म्हणून चहाला पसार.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या रसायनवाल्या बाईंनी ते पोतं उघडलं असतं, तर मेहुण्याचं काही बिघडलं नसतं. मान खाली गेली असती दळण्याची. घरचा माणूस ना. म्हणून त्यानं गवत वाळल्यावर गुपचूप मुळं छाटली, बोटाएवढे तुकडे केले, बादलीत बुचकळून दोन पाण्यांनी खळखळून धुतले, पुन्हा वाळवले आणि मग दळले. बाकी सातांचं गवत स्वच्छच होतं, त्याला कशाला पाणी दाखवायचं?

निकाल लागला. मेहुण्याच्या गवतात पालाश इतरांच्या पावपट, क्लोरीन नावाला. बाईंनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले. ठरलं, येत्या हंगामात सगळ्या शेतावर हेच गवत, आणि शेताचा मुकादम मेहुणा.

"गवताला जीव लावावा लागतो, दाजी," मेहुणा दळण्याच्या घरी, त्याच्याच खुर्चीत पाय पसरून म्हणाला.

"आणि माझ्या भावाला आळशी म्हणत होता," बायकोनं आतून टोला हाणला.

आठवड्यानं बाई नव्या मुलींना शिकवत होत्या. दळण्या कोपऱ्यात चाळण्या झाडत होता. "वाळलेलं गवत भिजलं की पालाश आणि क्लोरीन मिठासारखे विरघळून पाण्याबरोबर जातात," बाई म्हणाल्या. दळण्याला आपली बादली आठवली. म्हणजे मेहुण्याचा सगळा पालाश मोरीतून गेला होता.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागेना. बोलावं तर मेहुण्याची मुकादमी जाणार, घरात अबोला. गप्प बसावं तर साऱ्या शेतावर ते गवत उगवणार, भट्टी दगडानं तुंबणार, आणि बावीस वर्षांच्या टिकल्यांवर पाणी. तिसऱ्या दिवशी तो बाईंसमोर उभा राहिला.

"बाई, ते गवत आंघोळ करून आलं होतं."

"कुणी घातली?"

"मी."

"साबण लावला?"

"नाही, साध्या पाण्यानं."

"उपकार झाले," बाई म्हणाल्या. "सगळं पुन्हा दळा. कोरडं."

कोरडं दळलं. मेहुण्याचं गवत आठात सातवं आलं. आठवं कुणाचं, हे विचारायलासुद्धा मेहुणा थांबला नाही, थेट बहिणीकडे गेला. "सख्ख्या दाजीनं पाय ओढले," म्हणाला.

बायकोनं दोघांकडे पाहिलं. नवऱ्याला म्हणाली, "धुतलं कशाला आणि सांगितलं कशाला? दोन्हींतलं एकच करायचं होतं."



मेहुण्यानं मग बाईंकडेच दाद मागितली. "माझ्या गवताला आंघोळ, मग त्यांच्या गवताला का नाही? सगळ्यांना घाला, मग बघू."

बाईंना ते पटलं. आठही गवतं दळण्यानंच धुतली, एकाच मापाच्या बादलीत, दोन-दोन पाणी, घड्याळ लावून. धुतल्यावर सगळ्यांचाच पालाश उतरला. मेहुणा पुन्हा सातवा.

जिचं गवत पहिलं आलं, त्या शेतकरणीकडे मुकादमी गेली. मेहुणा अजून दाजींशी बोलत नाही. मात्र भेटेल त्याला सांगतो, की दळण्यानं माझं गवत नुसतं बुचकळलं आणि परक्यांचं चोळून धुतलं.