भाऊ नाव घेत नाहीत

लोकांचं बोलणं सुधारायचं काम करणाऱ्या बाईला स्वतःला गप्प बसवत नाही, असं माझा नवरा म्हणतो. बरोबर आहे! मुरबाडला खताच्या दुकानावरच्या खोलीत मी स्पीच थेरपी देते. तिथून घरी येताना भाजीबरोबर एखादा तरी किस्सा पिशवीत असतोच. तो सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

हल्ली बहुतेक किस्से एकाच जोडीचे. वैशाखरे गावचे नवरा-बायको, भाऊ आणि काकू. भाऊंच्या मेंदूतला भाषेचा भाग हळूहळू झिजतोय. आवाज खणखणीत, चालणं-फिरणं ठणठणीत, पण वस्तूंची, माणसांची नावं एकेक करून निघून चाललीत. गेलेली परत येत नाहीत. उरलेली जास्त दिवस टिकवायची, एवढंच आमच्या हातात.

*

भाऊंच्याच वेळेला शहापूरचे एक रिटायर्ड गुरुजी येतात. त्यांना पार्किन्सन. शब्द सगळे शाबूत, पण आवाज इतका बारीक झालाय की शेजारच्यालाही ऐकू जात नाही.

एकदा खालच्या टपरीवर चहा सांगायचा होता. गुरुजी भाऊंच्या कानात पुटपुटले, "दोन चहा, एक बिनसाखरेचा."

भाऊ खिडकीत गेले आणि रस्ता दणाणून सोडला, "दोन ते! गरम! एकात ते पांढरं नको!"

चहा अगदी बरोबर आला. दोघं मिळून एक अख्खा माणूस होतो, असं गुरुजी म्हणाले. मी दोनदा विचारल्यावर मला ऐकू आलं.

*

माझ्याकडे चित्रांची कार्डं आहेत, परदेशी छापाची. एकात बर्फाचं घर. भाऊ बराच वेळ बघत राहिले. "नाही आलं," मी म्हणाले.

काकू उसळल्या, "ते मलापन नाय येत! मंग माझापन मेंदू झिजला काय?"

पुढच्या खेपेला त्या घरून पावसात पाठीवर घ्यायचं इरलं घेऊन आल्या. "हे विचारा." भाऊंनी इरलं पाठीवर घेतलं आणि माझ्या खोलीत वाकून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भात लावला! नाव काही आलं नाही, पण गुरुजींना हसून ठसका लागला.

*

मग भाऊंना तपासणाऱ्या ठाण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "बायकोचं नाव काय?" भाऊंनी मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, "हेही गेलं."

काकू तणतणत माझ्याकडे आल्या. "आमच्यात नाव घेतच नाय ना मॅडम! लगीन झाल्यापासून 'अगो' म्हनतात." केसपेपरवर 'यमुना' वाचलं तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं. गावात त्या सगळ्यांच्या मोठ्या काकू.

मग भाऊ जिना उतरेपर्यंत थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमी तेवढं बघून सांगा. लाजतात का इसरलेत?"

फार वाईट वाटलं.

*

बरं, ही लाज एकतर्फी नाही. एकदा मुरबाडच्या बाजारात भाऊ दिसेनासे झाले. काकू नवऱ्याचं नाव कसं घेणार? त्या जिवाच्या आकांताने ओरडत सुटल्या, "अवो! अवो, आयकता का!"

कांदेवाले, कोंबडीवाले, पिशव्या धरून उभे असलेले, झाडून सगळे नवरे वळले! वळले नाहीत ते भाऊ. ते सुकटवालीपुढे उभे राहून बोटाने बोंबील दाखवत होते.

"दुसऱ्यांचे नवरे माझं आयकतात मॅडम," काकू म्हणाल्या, "माझाच नाय!"

*

काकूंचं नाव भाऊंकडून वदवायचं गुरुजींनी मनावर घेतलं. कानात सांगितलेलं भाऊ आपल्या परीने मोठ्याने म्हणतात, तर हेही म्हणतील. ते भाऊंच्या कानाशी गेले. "म्हणा, यमुना."

भाऊ ताडकन उठले. "तुमी कशाला?" एवढंच म्हणाले आणि रागाने दारात जाऊन उभे राहिले.

काकूंनी मला कोपरखळी मारली. "मंजे ठाव हाय का ओ? का नुसताच राग आला?"



*

परवा काकू लंगडत आल्या. पायाला क्रेप बँडेज. परसात शेवाळावरून घसरल्या, उठता येईना, घरात भाऊंशिवाय कोणी नाही. भाऊंनी पाहिलं आणि पुढच्या दाराने धावत आळीत गेले. तिथे उभे राहून ओरडायला लागले, "यमुना! यमुना!"

सगळी आळी बाहेर आली. "कोन यमुना, भाऊ? आपल्या आळीत यमुना नाय कोन!" एकीने त्यांना ओट्यावर बसवून पाणी पाजलं. भाऊंना जुनं काहीतरी आठवलं म्हणून कोणी त्यांच्या मुलाला फोन लावला. भाऊ तांब्या ढकलून पुन्हा, "यमुना!"

"अहो, ऐकू येत होतं तर तुम्ही मागून ओ द्यायची ना!" मी म्हणाले. "एवढा पाय सुजला होता, दुखत नव्हता?"

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"दुखत व्हता की. पन ओ दिली असती, तर थांबले नसते का?"