तात्यांची कूस कोण बदलणार?

मी गाव सोडलं त्या सकाळी आईने घावणे बाबांच्या पत्रकात बांधून दिले. कोरी बाजू आत, छापलेली बाहेर. एसटी घाट चढायला लागली तेव्हा माझं लक्ष मांडीवरच्या पुडक्याकडे गेलं. वर ठळक अक्षरांत होतं : ‘उपकेंद्राची इमारत आहे, नर्स कुठे आहे?’ आणि मी नर्सिंग शिकायला मुंबईला निघाले होते.

आमच्या घरात पत्रकं धान्यासारखी असायची. बाबा लिहायचे, तालुक्याला जाऊन छापून आणायचे, आठवडी बाजारात वाटायचे. रस्ता, पाणी, शाळेचं छप्पर, नर्स. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. दुसऱ्या मुली ओव्या ऐकत मोठ्या झाल्या असतील, मी मागण्या ऐकत झाले. एसटी सुटताना बाबा ओरडून म्हणाले, “अन्याय दिसलो तर गप बसू नको!” आई खिडकीशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “पण बोलण्याआधी माणसाक इचार.” बाबांचं वाक्य मला लगेच पाठ झालं. आईचं मी घावण्यांबरोबर संपवून टाकलं.

तुमच्यापैकी जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांसाठी हे लिहितेय.

मी आता घाटकोपरच्या डोंगरावर काम करते. खाली मेट्रोचं चकाचक स्टेशन, वर एकाला एक चिकटलेल्या खोल्या. मधल्या पायऱ्यांवरून स्ट्रेचर वळत नाही, म्हणून एका छोट्या संस्थेच्या आम्ही नर्स वर जातो. अंथरुणाला खिळलेले म्हातारे, कॅन्सरचे पेशंट, बाळंतपणानंतर उठू न शकलेल्या बाया. सरकारी भाषेत याला ‘समुदायाच्या सहभागातून सेवा’ म्हणतात. हा समुदाय म्हणजे बहुतेक वेळा घरातली एक सून असते, जिला ना पगार, ना सुट्टी, ना झोप. हे मी लिहिणारच. पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे.

तात्या आमच्याच बाजूचे, सिंधुदुर्गातले. आधी गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर वॉचमन. अर्धांगवायूने डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डाव्या खुब्यावर बेडसोर होता, माझी मूठ मावेल एवढा. उपाय साधा आहे आणि म्हणूनच कठीण आहे : जखम रोज स्वच्छ करायची, पोटात चांगलं अन्न घालायचं आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, पण डाव्या कुशीवर ठेवायचंच नाही. सुलभावहिनी, म्हणजे त्यांची सून, सकाळी चार घरची पोळीभाजी करायला जायच्या. मुलगा रिक्षा चालवायचा. मग शेजारच्या रुबीनाभाभी पुढे आल्या. घड्याळ कुणी पाहत नव्हतं. नळाला पाणी आलं की एकदा, दुपारच्या अजानला एकदा, पोरं शाळेतून आली की एकदा. उताणे, उजवीकडे, पुन्हा उताणे. जखम कडेने गुलाबी होऊ लागली.

तात्यांना एकच हवं होतं. मी ड्रेसिंग करताना ते दर वेळी विचारायचे, “गावाक जावक मेळात?” मी सांगायचे, जखम भरली की नक्की. उघडी जखम घेऊन एवढा प्रवास केला असता तर ती हाडापर्यंत गेली असती.

भाद्रपदात गावच्या घराला कुलूप होतं. तात्या रडायला लागले, म्हणून मुलाने पहिल्यांदाच गणपती डोंगरावरच्या खोलीत आणला. मी सुट्टीवर नव्हते, पण त्या दिवसांत माझी ड्यूटी दुसऱ्या गल्ल्यांत लागली. परत आले तेव्हा दुर्वा ताज्या होत्या, निरांजन जळत होतं आणि पट्टी काढताच वास आला. जखम पुन्हा उघडली होती, पहिल्यापेक्षा खोल.

“डाव्या कुशीवर ठेवलंत?” मी विचारलं.

वहिनींनी गणपतीकडे पाहिलं. मग माझं लक्ष खोलीच्या रचनेकडे गेलं. गणपती पश्चिमेच्या भिंतीशी, खाट समोर. तात्यांचं डोकं दक्षिणेला. उजव्या कुशीवर झोपवलं की पाठ थेट देवाकडे.

“भाभी, तुम्हाला तर माहीत होतं!”

“माहीत होतं गं ताई,” रुबीनाभाभी म्हणाल्या. “पण मी कशी फिरवणार त्यांची पाठ त्यांच्याच देवाकडे? काही झालं असतं तर लोक काय बोलले असते, रुबीनाने मुद्दाम केलं?”

आणि माझ्या तोंडून बाबांचं पत्रक सुरू झालं. देवाला पाठ दिसल्याने राग येतो का, माणूस सडला तर चालतो का, वगैरे वगैरे. एक शब्द खोटा नव्हता. सुलभावहिनींनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “ताई, तुमचं लेक्चर झकास आहे. तुम्ही पट्टी बांधून जाल, मला इथे राहायचंय. उद्या यांना काही झालं तर सगळी भावकी म्हणेल, सुनेने सासऱ्याला देवाकडे पाठ करून टाकला.”

“मग मूर्ती हलवा.”

“विसर्जनाआधी? वेड लागलंय?”

“मग तात्यांना उलटे करू. डोकं तिकडे, पाय इकडे. उजव्या कुशीवरही तोंड देवाकडेच राहील.”

“डोकं उत्तरेला?” वहिनींनी कपाळावर हात मारला. “उत्तरेला मेलेल्याचं डोकं करतात!”

आम्ही तिघी एका माणसाच्या वरून भांडत होतो. तेवढ्यात खाटेच्या पट्टीवर थाप पडली. तात्यांचा चांगला हात. अक्षरं एकेक करून बाहेर आली.

“माका... कोणी... इचारल्यान?”

 मला एसटीच्या खिडकीशी उभी आई आठवली.

“तात्या,” मी खाली बसले, “तुम्हाला कसं हवंय?”

“करा उलटो,” ते म्हणाले. “डोक्या खंय आसा ता बघून यम येवचो नाय. त्येका पत्तो म्हायत आसा.”

आधी रुबीनाभाभी हसल्या, मग पदर तोंडाला लावून वहिनी. आम्ही तिघींनी चादरीसकट त्यांना फिरवलं. उजव्या कुशीवर, तोंड गणपतीकडे. ते बराच वेळ मूर्तीकडे पाहत राहिले. त्या संध्याकाळी वहिनींनी आरतीचं तबक आधी त्यांच्यापुढे धरलं.

जखम भरेपर्यंत थंडी सरली. शेवटची पट्टी काढली त्या दिवशी मी आनंदाने म्हटलं, “तात्या, चला, आता गावाला!”

त्यांनी चांगल्या हाताने खुबा चाचपला. मग म्हणाले, “गो चेडवा, थंय माजी कूस कोण बदलतलो?”

वाडीतली घरं त्यांनी एकेक करून मोजली. कुलूप, कुलूप, एक म्हातारी, कुलूप. उपकेंद्र? तेही बंदच. ज्या गावासाठी त्यांनी एवढी कळ सोसली, तिथे त्यांना हात लावणारं माणूस उरलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीवर दोनदा टकटक केलं. पलीकडून रुबीनाभाभी ओरडल्या, “आले, तात्या!”

मी पायऱ्या उतरले आणि मेट्रोच्या पुलाखाली उभी राहून आईला फोन लावला. “आई, तू कधी आजारी पडलीस तर तुझी कूस कोण बदलेल?”

“तुजो बापूस आसा मां,” आई म्हणाली. “नाय जमला तर पत्रक काढीत.”

आम्ही दोघी हसलो. 

बाबांचं पत्रक अजून निघतं. मागणी तीच आहे, फक्त आता खाली सही करणाऱ्यांत मीही आहे, ‘मु. घाटकोपर’ लिहून. बाबांनी मला ‘परत ये’ असं कधी म्हटलं नाही. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांची नर्स मी इथे घेऊन आलेय, हे आम्हा दोघांना माहीत आहे. नर्स नेमणं हे सरकारचं काम आहे, एका मुलीचं कर्तव्य नाही, असं मी ठामपणे म्हणते. तरी ‘मु. घाटकोपर’ मी दर वेळी बारीक अक्षरांत लिहिते.

मे महिन्यात घरी गेले. लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, चटई टाकून आईला झोपवलं आणि बाबांना शिकवायला घेतलं. एक हात खांद्याखाली, एक खुब्याखाली, ओढायचं नाही, आपल्याकडे वळवायचं. पत्रकं वाटून वाटून शाईने काळवंडलेली ती बोटं खांद्याखाली सरकली. आई आधीच हसायला लागली होती, “गुदगुल्यो होतत रे!”

“थांबा बाबा,” मी म्हटलं. “आधी विचारा.”

आयुष्यभर प्रश्न छापत आलेला तो माणूस आईकडे वाकला.

“परतू गो?”

“परत,” आई म्हणाली, आणि सगळं वजन त्यांच्या हातांवर सोडून दिलं.