काचेला चिकटलेला चेहरा

आर्णीच्या वाचनालयात आम्ही जुने फोटो गोळा करायला बसलो, तेव्हा मी आठ नियम लिहून भिंतीला लावले होते. फोटो आणणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, फोटोच्या मागे पेन्सिलीने क्रमांक टाकायचा, फोटोतली माणसं डावीकडून उजवीकडे विचारून घ्यायची, स्कॅन झालं की मूळ फोटो त्याच दिवशी परत द्यायचा, वगैरे. पाचवा नियम असा होता: फ्रेम असेल तर फोटो बाहेर काढून स्कॅन करायचा. काचेवर उजेड चमकतो, आणि फोटोच्या मागे कधीकधी स्टुडिओचा शिक्का असतो, साल असतं.

गावाचा इतिहास गावानेच सांगावा, एवढीच आमची कल्पना होती. इथे किल्ला नाही, लेणी नाहीत. बाहेरून कोणी बघायला येत नाही, म्हणून बघायचं तर आपणच. तीन रविवार लोक येत राहिले. लग्नाचे फोटो आले, बैलजोड्यांचे आले, नव्या मोटारसायकलीला टेकून काढलेले तर कितीतरी. मला हवा होता जुन्या जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा. तिथली कापसाची यंत्रं, गठाणी दाबून बांधायचं प्रेस, सगळं भंगारात गेलं, त्या जागेवर दुकानं झाली, आणि गावात कोणाकडे त्याचं एक चित्र नव्हतं.

तो फोटो चौथ्या रविवारी आला. साठी उलटलेल्या एक आपा ओढणीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन आल्या. फोटोत प्रेस होतं, त्यामागे टिनाचं शेड, चार मजूर, आणि मधोमध प्रेसवर हात ठेवून उभे असलेले तिथले मिस्त्री. ते आपांचे वडील. आपा सात वर्षांच्या असताना ते वारले. त्यांचा हा एकच फोटो, आणि त्यांना पाहिलेलं घरात आता आपांशिवाय कोणी उरलं नव्हतं.

"बाई, असाच मोबाइलमधी काढून घ्या ना," आपा म्हणाल्या. "खोलता कायले?"

"काच चमकते, आपा. दोन मिनिटांचं काम आहे."

"अब्बा गेल्यापासून कोनी खोलला नाही."

"म्हणूनच म्हणते. आतून पुसून पण होईल."

"पाहा बा. तुमी शिकेल लोक."

मी भिंग लावून फोटो एकदा न्याहाळला, मग मागचे खिळे पकडीने काढले, पुठ्ठा काढला, फ्रेम उपडी केली. फोटो खाली पडला नाही. दमट हवेत जुना फोटो काचेला चिकटतो हे मी ऐकून होते. कडेने प्लास्टिकची पट्टी सारली. शेड सुटलं, मजूर सुटले, प्रेसही अलगद सुटलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण आता थोडंच राहिलंय असं वाटून मी मधोमध जरा जोर दिला.

कागद हातात आला. मिस्त्रींचा चेहरा काचेवर राहिला. कागदावर टोपीखाली नुसता पांढरा डाग. काच सरळ करेपर्यंत तिच्यावरचे पापुद्रे सुटून टेबलावर सांडले. मी ब्रशने ते एकत्र करायला गेले तर भुगा झाला.

आपा ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तळहातांचा आडोसा त्या भुग्याभोवती धरला आणि म्हणाल्या, "पंखा बंद करा कोनी. उडून राह्यलं."

पाचव्या रविवारी कोणी फोटो घेऊन आलं नाही. गाव लहान आहे, गोष्ट घरोघर पोचली होती. जमलेल्या फोटोंचं प्रदर्शन मात्र ठरल्याप्रमाणे भरवलं. आपांच्या मुलाला विचारून जिनिंगचा फोटो मोठा करून दारासमोरच लावला. गर्दी सगळी तिथेच. जिनिंगात काम केलेले दोन म्हातारे त्याच्यासमोरून हलेनात.

"हेच ते प्रेस. बापा, काय आवाज होता त्याचा."

"तुले काय माहीत आवाज? तू तर सावलीत झोपून राहे."

मग त्यातल्या एकाने पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. "इथं काय झालं, मॅडम?"

"फोटो जुना आहे," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. मला जे हवं होतं ते सगळं त्या फोटोत शाबूत होतं. प्रदर्शन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. घरी येऊन मी जेवले नाही.

महिन्याभराने आपांच्या घरी गेले. जायला इतके दिवस धीर झाला नव्हता. मुलाने दारातच सांगितलं, "टेन्शन नका घेऊ मॅडम, काम झालं." स्टुडिओवाल्याने एआयने चेहरा बनवून दिला होता, वर रंगही भरून दिले होते. भिंतीवर मोठी फ्रेम. प्रेसवर हात ठेवून एक देखणा माणूस उभा होता. गाल गुळगुळीत, दाढी कोरलेली, उन्हातान्हात कधी न गेलेला. आपांची नातवंडं त्याला परनाना म्हणत होती.

मुलगा चहा सांगायला आत गेल्यावर आपा हळूच बोलल्या.

"पयल्या दिवशी मी म्हनलं, हा कोन होय? पोरगा म्हने, अम्मी, तुलेच आठवत नसन. सात वर्साची तर होती तू." त्या फ्रेमकडे बघत राहिल्या. "तवा आठवे मले. आता डोये मिटले का हाच येते. पयलेचा चेहरा येतच नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमी तर भिंग लावून पाह्यला व्हता, खोलायच्या आधी. तुमच्याशिवाय कोन सांगन? नाक असंच व्हतं का अब्बाचं?"

भिंग लावून मी बघितलं होतं खरं. प्रेसच्या मोठ्या चाकाचे दाते मोजले होते. शेडच्या पत्र्यावरची पुसट अक्षरं लावून बघितली होती. मिस्त्रींच्या हातावरूनही नजर फिरवली होती, कारण तो हात प्रेसच्या दांड्यावर होता.

"आपा, मी चेहरा बघितलाच नाही," मी म्हणाले.